पन्नासावा माणूस

भारतीय कंपनी कायद्यात २००० साली एक आकडा शिरला : ५०. कंपनीने आपले शेअर किंवा डिबेंचर ४९ जणांना देऊ केले तर तो तिचा आणि त्या ४९ जणांचा खासगी मामला. ५०व्या माणसाला देऊ केले की तो पब्लिक इश्यू. मग आधी माहितीपत्रक काढायचं, सेबीपुढे ठेवायचं, शेअर बाजारात नोंदणीसाठी अर्ज करायचा आणि त्यानंतरच लोकांचे पैसे घ्यायचे. २०१३च्या नव्या कायद्याखाली ही मर्यादा वर्षाला २०० माणसांवर गेली, पण कल्पना तीच राहिली.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कुणी असं लिहिलं, की मोजणी ५०च्या खाली असेल तर सोडा आणि वर गेली तर अडवा, तर रिव्ह्यू करणारा पहिला प्रश्न विचारतो : हा ५० कुठून आणलास? उत्तर बहुतेकदा ‘कुठेतरी रेघ मारायला हवी होती’ एवढंच असतं. ही रेघ मात्र मला बरेच दिवस छळते आहे. ४९व्या आणि ५०व्या माणसाच्या मध्ये नक्की काय बदलतं? माल तोच, विकणारा तोच, भाव तोच. मग एकाला विकताना मी सभ्य गृहस्थ आणि पुढच्याला विकताना गुन्हेगार, हे कसं?

मी वाढलो गोवंडीत, बैंगनवाडीच्या बाजूला. महापालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व वॉर्ड मुंबईत सगळ्यांत तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना आणि जरीचे कारखाने एवढ्यावर बाहेरच्यांची ओळख संपते. आमच्या गल्लीत बँकेच्या आधी भिशी आली. हिंदी बोलणारे तिला बीसी म्हणतात. कोपऱ्यावरच्या काकूंची भिशी अजून चालू आहे : २० बायका, महिन्याला २,००० रुपये, जमा ४०,०००. ज्या बाईला जास्त नड असेल ती बोली लावते. समजा तिने ३४,०००वर उचलली, तर उरलेले ६,००० सगळ्यांत वाटले जातात, प्रत्येकीला ३००. पहिली भिशी काकूंची, बिनबोलीची. एवढाच त्यांचा मोबदला.

आता कायदा पाहा. १९८२च्या चिट फंड कायद्यानुसार राज्य सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय आणि राज्यातल्या रजिस्ट्रारकडे नोंद केल्याशिवाय चिट सुरू करता येत नाही. तिची जाहिरातही करता येत नाही. चालवणाऱ्याने, म्हणजे कायद्याच्या भाषेत फोरमनने, चिटच्या रकमेइतकं तारण ठेवायचं असतं. नियम मोडला तर कैदेची तरतूद आहे. नुसत्या पाळीने फिरणारी, सगळ्यांना एकेकदा पूर्ण रक्कम देणारी भिशी या व्याख्येतून वगळली आहे; बोलीवर जाणारी मात्र आत येते. मूळ कायद्यात १०० रुपयांखालच्या चिटला सूट होती. २०१९च्या दुरुस्तीने तो आकडा काढून किती रकमेपर्यंत सोडायचं ते राज्यांवर सोपवलं. १०० रुपये! एवढ्यात गोवंडी स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि चहा झाला की फारसं काही उरत नाही.

म्हणजे काटेकोर वाचलं तर काकूंची भिशी बेकायदा धरता येईल. आणि तरी मला ती भिशी अनैतिक वाटत नाही. का वाटत नाही, हे नीट सांगता आलं तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

काकूंकडे नोंदणी नाही, पण नोंदी आहेत. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कोण गावी जाऊन तीन महिने येत नाही, हे त्यांना पाठ आहे. नव्या बाईला घ्यायचं तर जुन्या दोघींनी तिची हमी द्यावी लागते. मुख्य म्हणजे, काकू स्वतः कुठे पळून जाऊ शकत नाहीत. त्यांचं घर तिथे, सून तिथे, पाण्याची लाइन तिथे. त्यांनी भिशी बुडवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळावर उभं राहावं लागेल. फोरमनकडून कायदा जे तारण मागतो ते काकूंनी आपल्या आख्ख्या जगण्याच्या रूपात ठेवलेलंच आहे.

तर पहिलं उत्तर असं की, नोंदणी ही ओळखीची जागा घेणारी वस्तू आहे. जिथे विकणारा आणि घेणारा एकाच नळावर पाणी भरतात तिथे तिची गरज कमी. जिथे ते एकमेकांना कधीच भेटणार नाहीत तिथे सरकारने मध्ये उभं राहायचं. ५० हा आकडा म्हणजे या दोन जगांमधली अंदाजे मारलेली रेघ.

अंदाज किती ढोबळ आहे, हे सहाराच्या प्रकरणात दिसलं. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी २००८नंतर एका प्रकारचे परिवर्तनीय डिबेंचर विकले. घेणारे सुमारे ३ कोटी लोक होते आणि जमा रक्कम २४,००० कोटी रुपयांच्या घरात. सेबीने अडवलं तेव्हा कंपन्यांचा एक युक्तिवाद असा होता, की ही खासगी विक्री आहे. समूहाशी जोडलेले मित्र, सहकारी, कामगार यांनाच हे रोखे दिलेत. समूह स्वतःला ‘परिवार’ म्हणवून घ्यायचाच. ३ कोटींचा परिवार! सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी हे अमान्य केलं आणि १५ टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितले. मला यात कायद्यापेक्षा शब्द जास्त खटकतो. परिवार हा शब्द वापरून त्यांनी नेमकी तीच सूट मागितली, जी काकूंना मिळायला हवी असं मला वाटतं.

विकण्याआधी सरकारला विचारा, ही कल्पना तशी जुनी. १९११ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने असा कायदा केला. तिथले बँक कमिशनर जे. एन. डॉली यांच्या पुढाकाराने तो झाला. शेतकऱ्यांना नसलेल्या खाणींचे, नसलेल्या कंपन्यांचे शेअर गळ्यात मारणारे फिरते विक्रेते तेव्हा बोकाळले होते. हे लोक निळ्या आभाळाचे प्लॉट पाडून विकतील, अशी तेव्हाची थट्टा. म्हणून त्या कायद्यांना ‘ब्लू स्काय लॉ’ हे नाव पडलं. एकामागून एक राज्यांनी तसे कायदे केले. त्यात अधिकाऱ्याला एक विलक्षण अधिकार होता : कागदपत्रं पूर्ण असली तरी ‘हा सौदा लोकांच्या हिताचा नाही’ असं वाटलं तर तो विक्रीच रोखू शकत असे. १९३३चा अमेरिकी केंद्रीय कायदा दुसऱ्या वाटेने गेला. तो म्हणाला, सगळं खरं सांगा. मग घ्यायचं की नाही ते घेणारा ठरवेल.

आपण या दोन्ही वाटा चाललो आहोत. १९४७च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली कंपनीने किती भांडवल उभं करायचं आणि शेअरवर किती प्रीमियम घ्यायचा, हे दिल्लीतले कंट्रोलर ठरवायचे. १९९२ मध्ये ते खातं गेलं, सेबीला कायद्याचा आधार मिळाला आणि आपण ‘सगळं उघड सांगा’ या वाटेला लागलो.

पहिल्या वाटेची फजिती सांगायची तर डिसेंबर १९८० मधली गोष्ट पुरेशी आहे. अॅपल कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याने ते आपल्या रहिवाशांना विकायला बंदी केली. कारण काय, तर कमाईच्या मानाने भाव फार, धोका फार. माझ्या ऑफिसात ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात. हसण्यासारखीच आहे. पण तो अधिकारी तेव्हा मूर्ख होता, असं मला वाटत नाही. पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं, आणि ज्यांनी शेअर घेतले त्यांनाही नव्हतं. फरक इतकाच की त्यांनी स्वतःचे पैसे लावले, आणि याने दुसऱ्यांना लावू दिले नाहीत.

इथे जॉन स्टुअर्ट मिलचा पूल आठवतो. ‘ऑन लिबर्टी’ या १८५९च्या पुस्तकात तो म्हणतो, की एखादा माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवतोय आणि त्याला सावध करायला वेळ नाही, तर त्याला ओढून मागे घेण्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नाहीये. पण पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला धोका सांगावा आणि जाऊ द्यावं. जायचं की नाही ते तोच ठरवेल. ‘सगळं उघड सांगा’ हा कायदा म्हणजे पुलावर लावलेली पाटी.

आमची पिढी ही पाटी रोज बघते. ट्रेडिंगचं अॅप उघडलं की फ्यूचर्स अँड ऑप्शन्समध्ये १० पैकी ९ जण तोटा करतात, अशी सूचना येते. सेबीने ती २०२३ पासून सक्तीची केली. आपण अंगठ्याने ती बाजूला सारतो. सप्टेंबर २०२४ मधल्या सेबीच्या अभ्यासात तीन वर्षांत १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या पुढे. सगळं नोंदणीकृत, सगळं कायदेशीर, सगळं आधी सांगितलेलं. माझा एक मित्र म्हणतो, माझे पैसे, माझा धोका, सरकारने मध्ये पडू नये. मिलही बहुधा त्याच्याच बाजूने बोलला असता. मीही बोलेन, थोडं नाइलाजाने. ज्याला पाटी वाचता येते आणि जो तरी पुढे जातो, त्याला मागे ओढणं म्हणजे त्याला लहान मूल ठरवणं.

पण पाटी वाचता येत नसेल तर? एका आयपीओचं माहितीपत्रक चारचारशे पानांचं असतं, इंग्रजीत. माझ्या आईने ते वाचून निर्णय घ्यावा, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. खरं सांगायचं तर मीही वाचत नाही. यावरून बरेच जण असा निष्कर्ष काढतात, की नोंदणी हे ढोंग आहे, कुणी न वाचणारे कागद जमवण्याचा उद्योग आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा सहाराच आहे. त्या दोन कंपन्यांच्या रोख्यांचा मामला सेबीच्या नजरेत आला तो समूहातल्याच तिसऱ्या कंपनीमुळे. सहारा प्राइम सिटी या कंपनीला शेअर बाजारात यायचं होतं, म्हणून तिने २००९ मध्ये सेबीकडे माहितीपत्रकाचा मसुदा दिला. त्या मसुद्यात इतर कंपन्यांची माहिती द्यावी लागते. ती कुणीतरी वाचली. कोट्यवधी गुंतवणूकदारांनी वाचली नाही तरी एका कार्यालयात बसलेल्या, ज्याला त्या योजनेत एक पैसाही लावायचा नव्हता अशा कुणीतरी वाचली.

म्हणून माहितीपत्रक हे घेणाऱ्यासाठी असतं, हा समज मी सोडून दिला आहे. ते विकणाऱ्यासाठी असतं. विकण्याआधी त्याला आपलं म्हणणं कागदावर, सहीनिशी, तारखेनिशी ठेवावं लागतं, आणि ते अशा माणसापुढे ठेवावं लागतं जो भुलणार नाही. तोंडाने दिलेलं वचन ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतं. दादरला एक, मीरा रोडला दुसरं. कागदावरचं बदललं तर दोन प्रती शेजारी ठेवून फरक दाखवता येतो. आम्ही कोडच्या बाबतीत हेच करतो, आणि त्यामागे कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा हेतू नसतो.

आता ‘नोंदणी’ या शब्दाची दुसरी बाजू. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दादरच्या टोरेस ज्वेलरीच्या दुकानासमोर गर्दी जमली. चकाकणारे खडे घ्या, गुंतवलेल्या रकमेवर दर आठवड्याला परतावा मिळेल, अशी ती योजना होती. परतावा थांबला, दुकानं बंद झाली, आणि प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. त्यात एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला कायदा लावला गेला. त्या दुकानामागे एक रीतसर नोंदणी केलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. कंपनी नोंदलेली असणं आणि योजना नोंदलेली असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली नोंदणी म्हणजे बाळाचा जन्मदाखला. बाळ पुढे काय करणार आहे, याबद्दल दाखला काही बोलत नाही. पण गल्लीत ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ एवढंच ऐकू जातं. जीएसटी नंबर, उद्यम प्रमाणपत्र, ट्रेडमार्कचा कागद, काहीही फ्रेम करून भिंतीवर लावलं की काम होतं. राज्याने ओळखीची जागा घेण्यासाठी एक खूण तयार केली, आणि ती खूणच आता फसवणाऱ्याच्या सगळ्यांत कामाची झाली आहे.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. माझ्या गल्लीतले बरेच शेजारी मुसलमान आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना व्याज नको असतं. बँकेतली एफडी त्यांच्या कामाची नाही. व्याज नाही, नफ्यातला वाटा, असं म्हणून कुणी दारात आला की त्याच्यासमोर स्पर्धा जवळपास नसते. बंगळुरूची आयएमए ही कंपनी याच भाषेत पैसे गोळा करत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली तेव्हा हजारो घरं उघडी पडली. ‘लोक लोभी असतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. इथे लोभ होता तितकाच संकोचही होता. ज्याच्या श्रद्धेला बसेल असं नोंदणीकृत काही सहज हाताशी नाही त्याला ‘नोंदणीकृतच घ्या’ म्हणणं म्हणजे पूल बंद केल्याचं सांगायचं आणि दुसरा पूल कुठे आहे ते सांगायचं नाही.

आमच्या गल्लीतही अशी एक योजना आली होती. कंपनीचं नाव घेत नाही. आणली साडीला फॉल-पिको करणाऱ्या एका भाभींनी. त्यांनी स्वतःचे ८०,००० घातले होते आणि सहा महिने नफा नियमाने आला होता. मग त्यांनी शेजारणींना सांगितलं. प्रत्येक नव्या नावामागे त्यांना कमिशन होतं. पैसे थांबले तेव्हा कंपनीचं ऑफिस कुणाला सापडलं नाही. भाभींचं दार सापडलं. दोन दिवस बायका त्या दारात बसून होत्या. मी त्यांना नंतर विचारलं, की तुम्ही कुठे चौकशी केली होती का? त्या म्हणाल्या, “मेरे को किसी ने बोला ही नहीं, की पूछने का होता है. और पूछने का किस को?”

२०१९चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा अशा योजनेत दुसऱ्याला ओढणाऱ्यालाही गुन्हेगार मानतो, पण त्यासाठी त्याने ‘जाणूनबुजून’ खोटं सांगितलेलं असावं लागतं. भाभींनी जाणूनबुजून काहीच केलं नाही. कायदा तिथे थांबतो. नैतिक प्रश्न तिथे सुरू होतो.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे मालकाला आतून माहीत असतं. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, याही वेळी होईल, अशी तो मनाची समजूत घालतो, आणि ती समजूत खरीच पक्की होते. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी, कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तो तितकाच दोषी.

भाभींना हे लावायचं का? सहा महिने आलेला नफा म्हणजे सुखरूप झालेल्या सफरीच. पण मालक जहाज तपासू शकत होता. भाभी काय तपासणार होत्या? रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल २०१६ पासून आहे, योजना चालवणाऱ्याला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते तिथे बघता येतं, तक्रार करता येते. फोनवर पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांच्या आधी ‘विचारायचं असतं’ हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि आमच्या गल्लीत ते सांगायला कुणी आलं नव्हतं. आले ते फक्त विकणारे.

तरीही मी त्यांना पूर्ण सोडून देत नाही, आणि हे लिहिताना जड जातं. त्यांनी शेजारणींना नुसतं ‘मी घातलेत, बघ’ असं सांगितलं असतं तर ती ओळख होती. त्यावर कमिशन घेतलं तेव्हा त्यांनी ओळख विकली. गल्लीतल्या बायकांनी पैसे दिले ते कंपनीला नव्हे, भाभींच्या चेहऱ्याला. तो चेहरा कंपनीने भाड्याने घेतला होता, आणि भाडं भाभींना मिळत होतं. हे शेजारणींना माहीत नव्हतं. फसवण्याचा हेतू नसतानाही एवढी एक गोष्ट लपून राहिली.

म्हणून ५०च्या आकड्यावरचं माझं उत्तर आता बदललं आहे. रेघ माणसं मोजून मारता येत नाही. काकू उद्या ६० बायकांची भिशी चालवू शकतील आणि ती भिशीच राहील. उलट दुसऱ्याच माणसाला विकताना मधल्या कुणाला गुपचूप पैसे मिळाले, तर तिथे ओळख संपली आणि बाजार सुरू झाला. बाजार वाईट असतो असं नाही. एलआयसीचा एजंटही कमिशन घेतो, पण तो एजंट आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याच्याकडे परवाना असतो. चिट फंडाच्या कायद्यातही फोरमनचं कमिशन लिहून ठेवलंय, २०१९च्या दुरुस्तीने ते ५ टक्क्यांवरून कमाल ७ टक्के केलं. माझं मागणं एवढंच, की जिथे कमिशन आहे तिथे नोंदणी हवी, पहिल्या माणसापासून. आणि जिथे ते नाही तिथे काकूंना सोडा. कायदा करणारे म्हणतील, कमिशन लपवता येतं, माणसं मोजता येतात. बरोबर आहे. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये आता १,०२४ माणसं बसतात, आणि तिथे कोण कुणाचं किती लागतं हे मोजून दाखवा म्हटलं तर मलाही जमणार नाही.

भाभी आता दोघींना महिन्याला ५०० रुपये देतात. त्या दोघी विधवा आहेत. बाकीच्यांनी मागणं सोडून दिलं. कायद्याने भाभींवर हे देणं नाही, कुणी लिहूनही घेतलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी काकूंच्या भिशीत यायचं म्हटलं. त्यावर दोन रविवार चर्चा झाली, एक बाई रागाने उठून गेली. हमी द्यायला जुन्या दोघी लागतात. एक मिळाली, दुसरी शेवटी काकू स्वतः झाल्या. घेतलं. बोली लावता येणार नाही या अटीवर, आणि नंबर विसावा, म्हणजे सगळ्यांची भिशी उचलून झाल्यावर.